ग्रामपंचायतीच्या अर्थसंकल्पातील तरतूद दुसऱ्या शीर्षाकडे वळवताना : पुनर्विनियोजनाची रीतसर पद्धत

मार्चअखेर मंजूर झालेला अर्थसंकल्प पुढच्या डिसेंबरपर्यंत जसाच्या तसा टिकला, अशी ग्रामपंचायत शोधूनही सापडणार नाही. पावसाळ्यात गटार खचते, पथदिव्यांचे देयक अंदाजापेक्षा कमी येते, छपाईसाठी ठेवलेली रक्कम पडून राहते आणि ज्या कामासाठी गावकरी रोज कार्यालयात येऊन विचारतात त्या कामाची तरतूद मात्र ऑगस्टमध्येच संपलेली असते. अशा वेळी एका लेखाशीर्षातील (म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या एका ठरावीक बाबीखालील) शिल्लक तरतूद दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळवण्याची जी मुभा आहे, तिला पुनर्विनियोजन म्हणतात. ही मुभा कायदेशीर आहे आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या 1 ते 33 नमुन्यांपैकी दुसरा नमुनाच मुळी ‘पुनर्विनियोजन व नियत वाटप’ या नावाचा आहे. तरीही अनेक दप्तरांत नमुना 1 नीट भरलेला असतो आणि नमुना 2 कोरा असतो. याचा अर्थ त्या गावात वर्षभर तरतुदी हलल्याच नाहीत असा नसून, त्या हलवल्याची नोंद कोणी केली नाही एवढाच असतो.

हा लेख प्रामुख्याने महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 आणि ग्रामपंचायत लेखा संहिता, 2011 यांच्या चौकटीत काम करणारे सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी आहे. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे 2024 मध्ये एकत्र होऊन ग्रामपंचायत अधिकारी हे एकच पद झाले, म्हणून पुढे तेच नाव वापरले आहे.

आधी निधी, मग शीर्ष

तरतूद वळवण्याचा विचार मनात आला की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठल्या शीर्षात शिल्लक आहे?’ हा. वास्तविक पहिला प्रश्न ‘हा पैसा कोणत्या निधीचा आहे?’ हा असायला हवा. ग्रामपंचायतीच्या नावावर बँकेत पाच खाती असली तरी ती पाचही खाती एकाच मालकाच्या पाच खिशांसारखी नसतात. त्यांतल्या काही पैशांवर ग्रामपंचायतीची पूर्ण सत्ता असते, काहींवर ती फक्त विश्वस्त असते.

घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे, किरकोळ फी आणि दंड ही रक्कम ग्रामनिधीत जमा होते. अधिनियमाने ग्रामपंचायतीवर जी कर्तव्ये सोपवली आहेत, त्यांच्या मर्यादेत ही रक्कम कशावर खर्चायची हे ग्रामपंचायत स्वतः ठरवते. पुनर्विनियोजनाची खरी जागा ही आहे.

पाणीपट्टीचा पैसा ग्रामपाणीपुरवठा निधीचा आहे. त्याची रोकडवही वेगळी, बँक खाते वेगळे आणि त्यातून खर्च होणार तो पाणीपुरवठा योजनेच्या वीज देयकावर, दुरुस्तीवर, शुद्धीकरणाच्या साहित्यावर आणि पाणीपुरवठा कर्मचाऱ्यावर. दिवाळीच्या आधी कर्मचाऱ्यांचे वेतन थकले म्हणून पाणीपुरवठा निधीतून ‘तात्पुरती उसनवार’ घ्यायची आणि घरपट्टी वसूल झाली की परत करू असे म्हणायचे, हा प्रकार सर्रास चालतो. ते पुनर्विनियोजन नव्हे. शीर्ष बदलणे आणि निधी बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट ठरावाने करता येत नाही. लेखापरीक्षकाला हे शोधायला काही कष्ट पडत नाहीत, कारण दोन बँक पासबुके शेजारी ठेवली की एका खात्यातून निघालेली आणि दुसऱ्या खात्यात जमा झालेली तीच रक्कम समोर दिसते.

तिसरा प्रकार सहेतुक अनुदानांचा. वित्त आयोगाचा निधी, एखाद्या योजनेखाली विशिष्ट कामासाठी जिल्हा परिषदेकडून आलेली रक्कम, पेसा क्षेत्रातील (म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा कायदा जिथे लागू आहे तिथल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा 5 टक्के अबंध निधी, हे सर्व ज्या अटींवर मिळाले त्या अटींसह ग्रामपंचायतीकडे येते. येथे बदल करण्याचा मार्ग असतो, पण तो देणाऱ्याने आखून दिलेला असतो. मंजूर काम बदलायचे असेल तर ज्या प्राधिकाऱ्याने मंजुरी दिली त्याच्याकडेच प्रस्ताव न्यावा लागतो, आणि पेसाच्या निधीबाबत ग्रामसभेचा निर्णय हाच पाया असतो. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेने असे काम परस्पर बदलले तर तो ठराव कितीही एकमताने झालेला असो, त्याला अर्थ नाही.

म्हणून कामाची सुरुवात एका कोऱ्या कागदाने करावी. त्यावर प्रत्येक बँक खात्याचे नाव, त्यातील आजची शिल्लक, ती शिल्लक कोणत्या निधीची आणि तिला कोणती अट लागू आहे, हे चार रकाने भरावेत. पुनर्विनियोजनाची पुढची चर्चा फक्त ग्रामनिधीच्या ओळीपुरती मर्यादित राहील.

ग्रामनिधीतही हात न लावण्याच्या रकमा

ग्रामनिधी स्वतःचा असला तरी त्यातला प्रत्येक रुपया मोकळा नसतो. स्वउत्पन्नाच्या 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन शासनाच्या आदेशांनी घातले आहे. या शीर्षांमध्ये फेब्रुवारीपर्यंत शिल्लक दिसते, याचे कारण बहुधा ‘बचत’ हे नसून खर्च झालेलाच नसतो हे असते. ही शिल्लक गटाराकडे किंवा कार्यालयाच्या रंगकामाकडे वळवणे म्हणजे ज्यांच्यासाठी ती राखून ठेवली त्यांच्या हक्कातून ती काढून घेणे होय. मागासवर्गीय आणि महिला बालकल्याणाच्या खर्चाची नोंद नमुना 28 मध्ये ठेवायची असल्याने, तूट तिथे उघडी पडतेच. शिवाय न झालेला खर्च अनुशेष म्हणून पुढच्या वर्षाच्या मानगुटीवर बसतो.

या राखीव शीर्षांच्या आत मात्र हालचाल करता येते. उदाहरणार्थ, महिला व बालकल्याणाच्या तरतुदीत शिवणयंत्रांसाठी ठेवलेली रक्कम अंगणवाडीच्या साहित्याकडे वळवायची असेल, तर उद्देश तोच राहत असल्याने ते योग्य ठरते, फक्त कारणासह ठराव हवा.

दुसरी मर्यादा आस्थापनेची. कर्मचाऱ्यांवरील खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. त्यामुळे अन्य शीर्षातून वेतनाच्या शीर्षाकडे रक्कम वळवताना नुसती शिल्लक पाहून चालत नाही, तर वळवल्यानंतरची बेरीज 35 टक्क्यांच्या वर जाते का हे तपासावे लागते, आणि तेही अर्थसंकल्पात धरलेल्या उत्पन्नावर न तपासता प्रत्यक्ष वसूल होणाऱ्या उत्पन्नावर तपासणे शहाणपणाचे. आस्थापनेकडून विकासकामाकडे रक्कम नेणे सोपे आणि विकासकामाकडून आस्थापनेकडे आणणे अवघड, असा सर्वसाधारण कल लक्षात ठेवावा.

बचत खरी आहे की कागदावरची

या पायरीवर घाई केली तर पुढचे सगळे कागद बिनचूक असूनही उपयोग होत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबू.

अर्थसंकल्पात एखाद्या शीर्षासमोर 1,20,000 रुपये लिहिलेले आहेत याचा अर्थ तेवढे पैसे बँकेत आहेत असा होत नाही. तरतूद ही खर्च करण्याची परवानगी असते. पैसा वेगळीकडून यावा लागतो. समजा एका ग्रामपंचायतीने घरपट्टीची वसुली 5,40,000 रुपये होईल असे धरले आणि त्या भरवशावर खर्चाची बाजू मांडली. डिसेंबरअखेर प्रत्यक्ष वसुली 3,10,000 रुपये झाली आणि मागच्या वर्षांचा अनुभव पाहता मार्चपर्यंत आणखी 1,50,000 रुपये येतील. म्हणजे वर्षाची वसुली 4,60,000 रुपयांवर थांबणार आणि जमेच्या बाजूला 80,000 रुपयांचा खड्डा पडणार. अशा ग्रामपंचायतीत दिवाबत्तीच्या शीर्षात 42,000 रुपये ‘वाचले’ म्हणून ते गटाराकडे वळवले, तर वळवलेली ती फक्त परवानगी असते. तिच्यामागचा पैसा वसुलीच्या खड्ड्याने आधीच गिळलेला असतो. ठेकेदाराचे देयक मंजूर होते, धनादेश निघत नाही आणि एप्रिलमध्ये नव्या वर्षाच्या तरतुदीतून जुने देणे भागवण्याची वेळ येते.

म्हणून बचत काढण्याआधी जमेची बाजू तपासावी. नमुना 9 ची मागणी, नमुना 10 च्या पावत्यांवरून आलेली वसुली आणि नमुना 26 क मधील जमेचे मासिक विवरण समोर ठेवून वर्षअखेरचे वास्तव उत्पन्न लिहावे. हा आकडा लिहिताना आशावादी राहू नये. मार्चमध्ये वसुली मोहीम काढू आणि शंभर टक्के करू, हे वाक्य प्रत्येक गावात प्रत्येक वर्षी बोलले जाते.

वास्तव उत्पन्न अर्थसंकल्पाच्या जवळपास असेल तरच खर्चाच्या बाजूकडे वळावे. खर्चाचे मासिक विवरण नमुना 26 ख मध्ये मिळते, परंतु त्यात फक्त दिलेला पैसा दिसतो. खरी बचत काढण्यासाठी प्रत्येक शीर्षाच्या मंजूर तरतुदीतून तीन रकमा वजा कराव्या लागतात: आजपर्यंत झालेला खर्च, काम झाले किंवा साहित्य आले पण देयक द्यायचे राहिले ती देणी, आणि 31 मार्चपर्यंत अटळपणे होणारा खर्च. यातली मधली रक्कम विसरली जाते. वीज देयक एक महिना उशिरा येते, दुकानदार उधारीची पावती मार्चमध्ये आणून देतो, आणि मग जिथून आपण रक्कम काढली तेच शीर्ष उणे जाते.

एका कल्पित ग्रामपंचायतीचा हिशेब करून पाहू. 31 डिसेंबरची स्थिती अशी आहे. दिवाबत्तीची तरतूद 1,20,000 रुपये, झालेला खर्च 54,000, आलेले पण न भरलेले देयक 6,000, आणि पुढील तीन महिन्यांचे दरमहा 6,000 प्रमाणे 18,000 रुपये. एकूण लागणारी रक्कम 78,000 होते, म्हणजे बचत 42,000 रुपयांची. छपाई व लेखनसामग्रीची तरतूद 45,000 रुपये, झालेला खर्च 19,000 आणि कोरे नमुने व पावती पुस्तके छापण्यासाठी अजून 8,000 लागणार. बचत 18,000 रुपये. गटार दुरुस्तीची तरतूद 80,000 रुपये होती, ती पूर्ण खर्च झाली आहे आणि शाळेजवळच्या खचलेल्या गटाराचे अंदाजपत्रक 50,000 रुपयांचे आहे. दोन्ही शीर्षांत पाच-पाच हजार रुपये मागे ठेवून दिवाबत्तीतून 37,000 आणि छपाईतून 13,000 असे 50,000 रुपये वळवता येतात. बदलानंतर दिवाबत्ती 83,000, छपाई 32,000 आणि गटार दुरुस्ती 1,30,000 होते. तिन्हींची बेरीज आधीही 2,45,000 होती, नंतरही 2,45,000 आहे. ही बेरीज जुळणे हीच पुनर्विनियोजनाची कसोटी. ती एक रुपयानेही वाढली तर तो विषय वेगळ्या दाराने न्यावा लागतो.

मागे ठेवलेल्या पाच हजारांवर सदस्य हमखास आक्षेप घेतात, कारण काम मोठे आणि पैसा थोडा असतो. तरीही ती रक्कम मागे ठेवावी. फेब्रुवारीत दिवाबत्तीकडे पैसे कमी पडले म्हणून छपाईकडून आणि छपाईकडे कमी पडले म्हणून आणखी कुठून तरी आणणे, अशी साखळी सुरू झाली की एकाच वर्षात त्याच शीर्षाला वाढ आणि घट दोन्ही दिलेली दिसते, आणि लेखापरीक्षक त्यावरून एकच निष्कर्ष काढतो, की येथे अंदाज कोणी केलाच नव्हता.

पुनर्विनियोजन, पुरवणी की सुधारित अंदाजपत्रक

खर्चाची एकूण बेरीज कायम ठेवून शीर्षांमध्ये अदलाबदल करायची असेल तर पुनर्विनियोजन पुरे होते. अर्थसंकल्पात न धरलेले उत्पन्न आले, उदाहरणार्थ जुन्या थकबाकीची मोठी वसुली झाली किंवा गाळ्यांच्या लिलावात अंदाजापेक्षा जास्त रक्कम मिळाली, आणि त्यातून जादा खर्च करायचा असेल, तर पुरवणी अंदाजपत्रक हवे. आणि वर सांगितल्याप्रमाणे जमेची बाजूच ढासळली असेल किंवा अर्ध्याहून अधिक शीर्षे हलवायची वेळ आली असेल, तर तुकड्यातुकड्याने पुनर्विनियोजन करत बसण्यापेक्षा सुधारित अंदाजपत्रक करून घ्यावे.

एक अडचणीचा प्रकार नव्या बाबीचा आहे. अर्थसंकल्पात ज्या कामाचे शीर्षच नाही, तिथे पैसे वळवायचे कसे? चालू शीर्षाखालील रक्कम वाढवणे आणि पूर्णपणे नवा खर्च सुरू करणे यांत फरक करावा. स्मशानभूमीच्या दुरुस्तीला आधीच तरतूद असेल तर ती वाढवणे हे पुनर्विनियोजन. व्यायामशाळेचा विषय अर्थसंकल्पात कुठेच नसताना दिवाबत्तीतील बचत काढून व्यायामशाळेचे साहित्य घेणे हे सभागृहाला न दाखवलेले काम मागच्या दाराने आणणे ठरते. अशा वेळी पुरवणी अंदाजपत्रकाचाच मार्ग धरावा.

टिपणी आणि ठराव

ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सभेपूर्वी एक पानाची टिपणी तयार करावी. तीत वरील हिशेब शीर्षनिहाय असावा, बचत का झाली याचे कारण असावे आणि जादा खर्च का लागला याचेही कारण असावे. ‘गावाच्या विकासाच्या दृष्टीने आवश्यक’ हे कारण नव्हे. ‘जुने दिवे बदलून एलईडी बसवल्याने मासिक देयक कमी झाले’ हे बचतीचे कारण आहे, आणि ‘ऑगस्टमधील पावसाने शाळेजवळील गटाराची भिंत कोसळली, सांडपाणी रस्त्यावर येते’ हे जादा खर्चाचे कारण आहे. कारण जितके नेमके, तितका पुढचा पत्रव्यवहार कमी.

हा विषय सभेच्या नोटिशीतील विषयपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून यायला हवा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली पैशांचे निर्णय घेण्याची सवय वाईट आहे. ज्या सदस्याने नोटीस वाचून त्या दिवशी न येण्याचे ठरवले, त्याला आपल्या वॉर्डातील दिव्यांचे पैसे गटाराकडे गेल्याचे नंतर कळते आणि तक्रार तिथूनच सुरू होते.

ठरावाचा मसुदा असा करता येईल:

‘विषय क्र. 5 : ग्रामनिधीच्या चालू वर्षाच्या अर्थसंकल्पातील तरतुदींचे पुनर्विनियोजन करणे. ठराव : सभेपुढे ठेवलेली टिपणी वाचून दाखवण्यात आली. त्यावर चर्चा होऊन असे ठरले की, दिवाबत्ती या शीर्षातील मंजूर तरतूद रुपये 1,20,000 मधून रुपये 37,000 आणि छपाई व लेखनसामग्री या शीर्षातील मंजूर तरतूद रुपये 45,000 मधून रुपये 13,000 कमी करून, एकूण रुपये 50,000 गटार दुरुस्ती या शीर्षाकडे वळवण्यात यावेत. बदलानंतरच्या तरतुदी अनुक्रमे रुपये 83,000, रुपये 32,000 आणि रुपये 1,30,000 राहतील. अर्थसंकल्पाच्या एकूण खर्चात वाढ होत नाही. राखीव तरतुदींमधून कोणतीही रक्कम घेण्यात आलेली नाही. सदर बदलाची नोंद नमुना 2 मध्ये घेऊन प्रस्ताव पंचायत समितीकडे पाठवण्यात यावा.’

त्याखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे, बाजूने व विरोधात किती मते पडली ते, आणि कोणी विरोध नोंदवला असल्यास त्याचे म्हणणे लिहावे. विरोध लिहून ठेवल्याने ठराव दुबळा होत नाही; उलट चर्चा खरोखर झाली होती याचा तो पुरावा राहतो. आकडे अक्षरीही लिहावेत आणि कार्यवृत्ताच्या वहीत दोन ओळींमध्ये नंतर काही घुसवता येईल अशी जागा सोडू नये.

पंचायत समितीकडे का आणि केव्हा

ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प पंचायत समितीसमोर जातो. ज्या कागदावर वरच्या संस्थेची नजर गेलेली आहे त्यात खालच्या संस्थेने गुपचूप बदल करू नये, हे तत्त्व समजून घेतले की पुढची पद्धत आपोआप पटते. ठरावाची प्रत, टिपणी आणि नमुना 2 असे तीन कागद गटविकास अधिकाऱ्यांमार्फत पंचायत समितीकडे पाठवावेत आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पंचायत समितीची मुदत संपून प्रशासक नेमलेला असेल तर तिचे अधिकार तोच वापरतो, त्यामुळे ‘समितीच नाही, मान्यता कोणाकडून घेणार’ ही सबब चालत नाही.

वेळेचे म्हणाल तर ऑक्टोबरमध्ये पहिला आढावा आणि जानेवारीत दुसरा, एवढे पुरते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रस्ताव पाठवणारी ग्रामपंचायत खरे तर मान्यता मागत नसते, झालेल्या खर्चावर शिक्का मागत असते. आणि 31 मार्च उलटल्यावर त्या वर्षाची तरतूदच उरत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये मागील तारखेचा ठराव लिहून पुनर्विनियोजन करणे हे अनियमिततेच्या पुढचे, खोटे दस्तऐवज तयार करण्याचे कृत्य होते.

नोंदी

प्रस्तावासोबत जाणाऱ्या नमुना 2 मध्ये मूळ तरतूद, वाढ किंवा घट, सुधारलेली रक्कम, कारण, ठराव क्रमांक व दिनांक लिहावा. नमुना 1 मधील मूळ आकड्यांवर खाडाखोड करू नये. तो मंजूर दस्तऐवज आहे, बदलाची जागा नमुना 2 आहे. रोकडवहीत काहीही लिहायचे नसते, कारण पुनर्विनियोजनाने पैसा हलत नाही. हे सांगावे लागते, कारण काही ठिकाणी रोकडवहीत एकीकडे जमा आणि दुसरीकडे खर्च दाखवून पुनर्विनियोजन ‘केलेले’ आढळते आणि त्यामुळे नमुना 3 मधील वार्षिक जमाखर्च दोन्ही बाजूंनी फुगतो.

मान्यता आल्यानंतर होणाऱ्या खर्चाच्या प्रत्येक प्रमाणकावर (व्हाउचरवर) पुनर्विनियोजनाच्या ठरावाचा क्रमांक टाकावा. आणखी एक गोष्ट: तरतूद मिळाली म्हणजे काम मंजूर झाले असे नाही. नमुना 20 मधील अंदाजाची नोंद, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, दरपत्रके किंवा निविदा, नमुना 20 क मधील मोजमाप हे सर्व पूर्वीइतकेच आवश्यक राहते.

15 व्या वित्त आयोगाच्या निधीबाबत

सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून वेगळे लिहितो. 2021-22 ते 2025-26 या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांचे हे अनुदान 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित असे विभागलेले आहे. बंधित भागातील निम्मा हिस्सा स्वच्छता व हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आहे. या दोहोंपैकी एका बाबीतील गरज पूर्णपणे भागली असेल तर तिचा निधी दुसऱ्या बाबीसाठी वापरता येतो. मात्र बंधित निधी या दोन बाबींच्या बाहेर, म्हणजे रस्त्यावर किंवा सभागृहावर नेता येत नाही. अबंधित निधी गावाच्या गरजेनुसार वापरता येतो, पण वेतन आणि अन्य आस्थापना खर्चासाठी नाही.

या निधीतील बदल नमुना 2 ने होत नाही. ग्रामपंचायत विकास आराखडा हा त्याचा आधार असल्याने, काम बदलायचे असेल तर ग्रामसभेत विषय घेऊन आराखड्यात बदल करावा लागतो आणि तो बदल ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही दिसावा लागतो. ग्रामसभेचा ठराव झाला पण पोर्टलवर जुनेच काम राहिले, किंवा पोर्टलवर बदल झाला पण ग्रामसभेचे कार्यवृत्तच नाही, या दोन्ही अर्धवट अवस्था पुढे सारख्याच महाग पडतात.

जिल्हा परिषद आणि महानगरपालिकेचे दाखले

तालुक्याच्या ठिकाणी चर्चा करताना ‘जिल्हा परिषदेत असे चालते’ हा युक्तिवाद ऐकू येतो. जिल्हा परिषदेचा कारभार 1961 च्या अधिनियमाखाली आणि 1968 च्या लेखा संहितेखाली चालतो. तिथे मुख्य लेखा व वित्त अधिकारी आहे, अर्थ समिती आहे आणि शासनाकडून आलेला योजनेचा निधी पुढील आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खर्च करण्याची मुभाही आहे. महानगरपालिकेत स्थायी समितीला तरतुदींच्या अदलाबदलीचे अधिकार आहेत. ते नियम त्या त्या संस्थेचे आहेत. ग्रामपंचायतीला त्यांचा आधार घेता येत नाही आणि घेण्याची गरजही नाही.

खर्च आधीच झाला असेल तर

तरतूद संपलेली असताना खर्च झाला आणि तो लक्षात आला आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी, तर पुढच्याच सभेत तो जसा झाला तसा मांडावा. ठरावात ‘खर्च करण्यास मान्यता’ असे न लिहिता ‘दिनांक अमुक रोजी झालेल्या जादा खर्चास कार्योत्तर मान्यता व त्यासाठी पुनर्विनियोजन’ असे स्पष्ट लिहावे, खर्च आधी का करावा लागला हे नोंदवावे आणि पंचायत समितीकडे प्रस्ताव पाठवताना ते लपवू नये. फुटलेली जलवाहिनी किंवा कोसळलेली भिंत ही कार्योत्तर मान्यतेची समजण्यासारखी कारणे आहेत. स्वागत कमानीला तातडी नसते.

वर्ष संपल्यावर लक्षात आले तर पुनर्विनियोजनाचा मार्ग बंद झालेला असतो. मग जादा खर्च जादा खर्च म्हणूनच हिशेबात दाखवावा आणि पहिल्या ग्रामसभेत वार्षिक हिशेब मांडताना त्याचे कारण सांगावे. 1930 च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमाखाली जेव्हा तपासणी होते, तेव्हा तरतुदीपेक्षा जास्त खर्च हा आक्षेप येईल हे गृहीत धरून अनुपालनासाठी चार कागद एकत्र ठेवावेत: कामाचा अंदाज, मोजमाप वहीची प्रत, त्या वेळच्या बँक शिल्लकेचा दाखला आणि ग्रामसभेच्या कार्यवृत्ताचा उतारा. आक्षेपाची पूर्तता नमुना 30 मध्ये नोंदवली जाईपर्यंत ही संचिका कपाटात खाली जाऊ देऊ नये, कारण सरपंच बदलतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते आणि वसूलपात्र ठरवलेली रक्कम मात्र त्यांच्याच नावावर राहते.